गवसणी

आकाशाला गवसणी घालणारी माणसं वर्तमानपत्रात रोज भेटतात. बारावीच्या निकालाच्या आठवड्यात तर आमच्या रावेर तालुक्यातच चार-दोन निघतात. पण गवसणी हा शब्द काही आकाशासाठी शिवलेला नव्हता. गवसणी म्हणजे वाद्याची खोळ. तंबोऱ्याची, वीणेची, सतारीची. आमच्या सतारीची गवसणी बाहेरून जाड्याभरड्या खादीची आणि आतून आईच्या विरलेल्या लुगड्याची आहे. आमच्या सावदा गावातल्या ज्या शिंप्यानं ती शिवली, त्यानं सतार आधी उभी करून आणि मग आडवी धरून मापं घेतली. शेवटी टेप गळ्यात टाकून तो माझ्या वडिलांना, आप्पांना म्हणाला, "मास्तर, हिला कंबरच नाही, नुसतं पोट आहे."

दर रविवारी सकाळी, ऊन अंगणात उतरायच्या आत, मी तिची नाडी सोडतो. गवसणी वर सरकताना तिचा काठ तारांना लागतो. वरच्या सात तारा किणकिणतात आणि त्यांच्याखाली लपलेल्या अकरा बारीक तारा, म्हणजे तरफा, आपण होऊन गुणगुणायला लागतात. कुणी वाजवलेलं नसतं, जुळवलेलंही नसतं. पण त्या एका गुणगुणण्यावरून मला कळतं, की आठवडाभरात कुठली खुंटी सरकली, कुठली तार गंजाला आली आणि हवेनं काय केलं. सतार पुसणं मी या आवाजापासून शिकलो. आधी ऐकायचं, मग फडकं हातात घ्यायचं.

ही सतार आप्पांची. ते शाळेत गणित शिकवायचे आणि रविवारी पॅसेंजर गाडीनं भुसावळला जाऊन सतार शिकायचे. भुसावळ हे रेल्वेचं गाव, त्यामुळे तिथल्या क्वार्टर्समध्ये देशभरातली माणसं. त्यातल्याच एका बंगाली गार्डकडे आप्पांची शिकवणी होती. गुरू ड्यूटीवर गेला की शिष्य प्लॅटफॉर्मवर चहा पिऊन परत यायचा. पाच वर्षं उसन्या सतारीवर काढल्यावर, १९७९ साली, आप्पांनी भुसावळला महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली आणि मिरज गाठली. येताना सतार मांडीवर घेऊन आले. रात्रभर झोपले नाहीत, कारण वरच्या बर्थवरच्या माणसाचा पाय सारखा खाली लोंबत होता.

मिरजेच्या सतारमेकरांची गोष्ट आप्पा आम्हाला पुराणातल्या कथेसारखी सांगायचे. ही मंडळी मुळातली शिकलगार, म्हणजे तलवारींना, भाल्यांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांचे दिवस सरत आले, तेव्हा मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयानं त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला आणि पुढे वाद्यंच घडवायला सुरुवात केली. ज्या हातांनी पोलाद घासलं, तेच हात लाकूड आणि शिंग घासू लागले. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँसारखा कलावंत मिरजेत राहिला. १९३७ साली ते गेले, तेव्हा तिथल्याच दर्ग्याच्या आवारात त्यांना जागा मिळाली. गाणारा आणि वाद्य घडवणारा एकाच गावात राहिले, की दोघांचेही कान तयार होतात.

सतार घरी आली, तेव्हा आजीनं पहिल्यांदा तिच्या पोटावर टिचकी मारली.

"भोपळाच ना हा?"

"भोपळाच, पण कडू. तिकडं मंगळवेढ्याकडं भीमेच्या काठानं पिकवतात."

"गुरं बी तोंड लावत नाही त्याला," आजी म्हणाली, "अन् तू पगार लावला."

केळीच्या बागायतदाराच्या घरात जन्मलेल्या बाईला हे पटणं कठीणच होतं. पण पुढे तिनंच आम्हा पोरांना ताकीद दिली होती, "हात लावू नका, फळ हाय ते." मला आजही सतार पुसताना तिचं हे वाक्य आठवतं. कारण ते शब्दशः खरं आहे. वेलीवरच पिकवून सावकाश वाळवलेलं, आतला गर आणि बिया काढलेलं हे फळच आहे. त्याची साल पावपेराइतकीही जाड नसते. वरून लाखेचं पॉलिश, हस्तिदंती रंगाची नक्षी आणि कोरलेली वेलबुट्टी असली, तरी आत पोकळ भोपळाच. त्याच्यावर कोपर टेकवून चालत नाही. तो फुटला तर लाकडासारखा चिरत नाही, मडक्यासारखा तडकतो. २०१६ साली आमच्या जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला. आजी असती तर म्हणाली असती, दोन्ही फळंच.

पुसण्याचा क्रम आप्पांनी ठरवून दिलेला आहे. फडकं सुती हवं, जुनं हवं आणि कोरडं हवं. नवं कापड कितीही मऊ लागलं तरी त्याच्यात खळ असते आणि पॉलिशवर तिचे बारीक ओरखडे उठतात. पाच-पंचवीस धुण्यांनंतरच कापड सतारीच्या लायकीचं होतं. आधी भोपळ्याची पाठ, मग गुलू, म्हणजे भोपळा आणि दांडी जिथं जुळतात तो सांधा. मग दांडीची पाठ, खुंट्या, आणि सगळ्यात शेवटी तबली. तबली म्हणजे सतारीचा चेहरा, घोडी जिच्यावर बसते ती पातळ लाकडी फळी. तिच्यावर फडकं दाबायचं नाही, नुसतं फिरवायचं, तापलेल्या पोराच्या कपाळावरून हात फिरवावा तसं.

खरी धूळ मात्र दिसते तिथं नसतेच. ती तरफांच्या खाली बसते. सतारीचे पडदे कमानीसारखे वाकलेले असतात, त्या कमानींच्या खालून तरफा जातात आणि तरफांच्या खाली दांडीचं लाकूड. तिथं बोट पोचत नाही. सावद्याची धूळही साधी नाही. उन्हाळ्यात काळ्या मातीची भुकटी होते, तीच केळीच्या ट्रकांमागून गावभर फिरते आणि मिटलेल्या कपाटातल्या ताटावरही बसते. आप्पांची युक्ती अशी होती की खराट्याचा एक लांब हीर घ्यायचा, त्याच्या टोकाला मलमलीची पट्टी गुंडाळून दोरा बांधायचा, आणि तो हीर दोन पडद्यांच्या मधून आडवा सरकवायचा. एका बाजूनं पांढरी पट्टी आत जाते, दुसऱ्या बाजूनं राखाडी होऊन बाहेर येते. एकोणीस पडद्यांमधल्या फटी मोजून मोजून साफ करायला अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात हिराचं टोक कुठल्या ना कुठल्या तरफेला लागतंच आणि ती आपला सूर सांगून मोकळी होते. एकदा पंचमाची तरफ बोललीच नाही. पाहतो तर खुंट्यांकडच्या पोकळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधायला घेतलं होतं. तार त्या ओल्या मातीत रुतलेली. मी हिरानं ते घर मोडलं आणि दिवसभर मला बरं वाटलं नाही.

शेजारचे काका कुंपणावरून नेहमी विचारतात, "काय भो, नुसती पुसशीन का वाजवशीन बी?"

त्यांचा प्रश्न रास्त आहे. मी बरा वाजवत नाही. आप्पांसारखी मींड मला कधी आली नाही. पण सतार वाजवणाऱ्याइतकीच सांभाळणाऱ्याचीही असते, अशी मी माझी समजूत घालून घेतली आहे.

आमच्याकडे सतारीचं वर्ष केळीच्या वर्षासारखंच चालतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि वारा भट्टीच्या तोंडावरून आल्यासारखा येतो. केळीवाले बागेच्या चारी बाजूंनी शेवरीचं कुंपण उभं करतात, म्हणजे गरम वारा पानांना थेट लागत नाही. नाहीतर पानं फाटतात, निसवलेला घड करपतो. याच दिवसांत सतारीचं लाकूड आकसतं. खुंट्या भोकांत सैल होतात. आपण तार चढवून हात काढला, की खुंटी हळूच मागं फिरते आणि सूर उतरत जातो. आप्पा तेव्हा खिशातून खडू काढायचे. शाळेतलाच खडू, फळ्यावर त्रैराशिक मांडून उरलेला. खुंटी बाहेर ओढून तिच्या बारीक होत गेलेल्या दांड्यावर खडूचे दोन पट्टे ओढायचे, पुन्हा भोकात घालून दोनदा फिरवायचे. खुंटी धरायची. त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला कायम पांढरा डाग असे. तो शाळेचा की सतारीचा, हे आईला धुताना कधी कळलं नाही.

पावसाळ्यात नेमकं उलटं. लाकूड फुगतं, खुंटी भोकात घट्ट बसते आणि फिरवायला गेलं तर करकरते. तेव्हा जोर करायचा नाही. खुंटी कमी ताणाची असेल तर आधी सैल करून, काढून, तिच्यावर कोरड्या साबणाचा हलका हात द्यायचा. जोर केला तर खुंटी मोडते आणि मोडकं टोक आत अडकून बसतं. केळीच्या घडाला जशी पिकण्याची घाई चालत नाही, तशीच खुंटीलाही.

यातला एक धडा मी माझ्या चुकीतून शिकलो. आप्पा बाहेरगावी गेले होते आणि मे महिना होता. सतार बिचारी धाब्याच्या खोलीत एकटी, म्हणून मी प्रेमानं तिला पुढच्या खोलीत कूलरसमोर आणून ठेवली. धाब्याच्या घराच्या मातीच्या भिंती हातभर जाड. आत ना फार ऊन पोचतं, ना फार ओल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कूलरची हवा आपल्याला गार लागते, पण ती पाणी घेऊन येते. पाच दिवसांनी आप्पा आले, तोवर अकराच्या अकरा तरफांवर तांबूस रवा आला होता, आणि तबलीच्या पॉलिशवर धुकं साचल्यासारखी पांढुरकी छटा. आप्पा रागावले नाहीत. त्यांनी माझं बोट धरून एका तरफेवरून फिरवलं. करकरीत लागलं. "हे कानाला ऐकू यायच्या आधी बोटाला कळतं," एवढंच म्हणाले.

तारा बदलायचं काम मग आम्ही दोघांनी मिळून केलं. तरफांना शून्य नंबरची पोलादी तार, म्हणजे मिलीमीटरच्या पाव भागाहून बारीक, केसासारखीच. बाजाच्या, म्हणजे मुख्य तारेला तीन नंबर. जोडाची तार ब्राँझची, जाड, तिला सूर लावला की छातीत वाजते. सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत, हा पहिला नियम. घोडी तबलीवर खिळ्यानं ठोकलेली नसते, ती तारांच्या दाबानंच जागेवर उभी असते. तारा सुटल्या की घोडी हलते. आणि घोडी दोन सुती दोऱ्यांइतकी जरी सरकली, तरी एकोणीस पडद्यांवरचे सूर खोटे पडतात. म्हणून एक तार काढायची, तिच्या जागी नवी चढवायची, ती ताणात आली की पुढची. जुनी तार वेटोळं करून खडूच्या रिकाम्या डबीत जायची. आप्पांनी त्या टाकून दिल्या नाहीत. का, ते मी विचारलं नाही.

वाजवून झालं की प्रत्येक तारेवरून कोरडं फडकं ओढायचं, हे मात्र न चुकता. घामातलं मीठ पोलाद खातं. वाजवणाऱ्यांजवळ एक छोटी डबी असते, तिच्यात खोबरेल तेलात भिजवलेला कापूस. डाव्या हाताचं बोट त्यावर टेकवलं की मींडेला ते तारेवरून घसरतं, आणि बोटाला चीरही कमी पडते. ते तेल तारेपुरतं ठीक, दांडीवर नको. दांडीवर पडलं तर धुळीला बोलावणं. आणि आमच्या गावात आणखी एक भय आहे, केळीच्या चिकाचं. बागेतून आलेल्या माणसाच्या हाताला तो लागलेलाच असतो. कपड्यावर पडला तर काळपट डाग सात जन्म जात नाही, म्हणूनच केळी कापणाऱ्याचा सदरा वेगळा असतो. कापणीच्या दिवसांत आप्पा घरात येणाऱ्या प्रत्येकाचे हात आधी पाहायचे. पाव्हणा असो की भाऊबंद, "राम राम" नंतर, आधी हात.

पडद्यांची चकाकी हा माझ्या विशीतला हट्ट होता. पितळेचे पडदे काळवंडतात. देवघरातले देव पितांबरीनं लख्ख होतात, मग सतार का नाही? पण पावडरीचा रवा सांध्यात शिरतो आणि ओलाव्यानं पडद्याला बांधलेला दोरा सैल होतो. त्यावर आप्पांचा उपाय वहीच्या पुठ्ठ्याचा होता. पुठ्ठा पडद्याच्या कमानीखाली सरकवायचा, म्हणजे लाकडाला काही लागत नाही. मग बोटाला कापड गुंडाळून ब्रासोचा एक थेंब, फक्त पितळेपुरता. एक पडदा पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. पुसताना बाजाच्या तारेखाली प्रत्येक पडद्यावर बारीक खाचा लागतात. त्या आप्पांच्या आहेत. सर्वांत खोल खाच कोमल गंधाराच्या पडद्यावर. कुठले राग त्यांनी जास्त वाजवले, ते त्यांच्या वहीत लिहिलेलं नाही, पण इथं कोरलेलं आहे.

आता घोडीबद्दल. इथं घरच्या साफसफाईची हद्द संपते. घोडीचा माथा वरून सपाट दिसतो, पण तो किंचित उतरता असतो, पाठीवरून पाणी वाहून जावं इतका. त्या उतारावर तार नुसती टेकत नाही, थरथरताना तो उतार चाटत राहते. त्या चाटण्यातून जो गोड झणकार निघतो ती जवारी. आपण गवयालाही म्हणतो, आवाजाला जवारी आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली अशाच घोडीचा अभ्यास करून लिहिलं होतं. तारेच्या ज्या जागी आपण छेडतो, तिथं ज्या स्वरांशांचा स्थिरबिंदू येतो ते स्वरांश उमटू नयेत, असा युरोपातल्या शास्त्रज्ञांचा नियम. वीणा आणि तंबोरा तो पाळत नाहीत, कारण ही रुंद उतरती घोडी. जे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या कानशीनं घासत होते, ते त्यांनी शास्त्राच्या भाषेत मांडलं.

तार घोडी चाटते, तशी घोडी झिजतेही. तारेखाली खाच पडते, आवाज चिरका होतो, आणि मग जवारी काढावी लागते. म्हणजे कानशीनं माथा पुन्हा घासून सारखा करायचा. कुणाला ती खुली हवी, पंडित रविशंकरांच्या सतारीसारखी भरपूर झणकारणारी. कुणाला बंद, उस्ताद विलायत खाँच्या सतारीसारखी, गळ्यातल्या आवाजाजवळची. हे घरी करू नये. चार केसांइतकं जास्त घासलं गेलं तर परत लावता येत नाही.

आप्पांबरोबर मी एकदा मिरजेला गेलो, तेव्हा सतारमेकर गल्लीत एका वयस्क कारागिरानं आमची घोडी हातात घेऊन उजेडाकडे धरली. सांबरशिंगाची, जुन्या घडणीची. आता शिंग आणि हस्तिदंत बंद, उंटाचं हाड नाहीतर फायबर. त्यांनी दोन-दोन ओढे देत घासायचं, तार चढवायची, छेडून ऐकायचं, पुन्हा उतरवायचं. तासभर हेच. मांडीवरच्या काळ्या कापडावर पांढरी पूड साचत होती, खडूसारखी. काम झाल्यावर त्यांनी घोडीची जाडी नखानं मापली. "मास्तर, अजून तीन जवाऱ्या निघतील हिच्यातून. मग बदलावी लागेल."

परतीच्या गाडीत आप्पा बराच वेळ गप्प होते. दौंड गेल्यावर म्हणाले, "म्हणजे नीट ठेवायचं म्हटलं तरी ती संपतेच."

सांभाळण्याचा हा अर्थ मला तेव्हा टोचला होता. प्रत्येक दुरुस्ती वस्तूमधलं थोडं घेऊन जाते. प्रत्येक पॉलिशच्या आधी जुनं पॉलिश खरवडावं लागतं. म्हणून कधी करायचं हे कळण्याइतकंच कधी करायचं नाही हे कळणं मोठं. विशीत मला ते कळलं नव्हतं. एका दसऱ्याला आईनं सतारीची पूजा केली. आपट्याची पानं, झेंडू, आणि तबलीच्या कोपऱ्यावर कुंकवाचं एक बोट. मला तो डाग वाटला. मी दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं, मग स्पिरिटच्या बोळ्यानं तो घासून काढला. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्येच विरघळवून लावतात, त्यामुळे स्पिरिट लागलं की ते सुटतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. कुंकू गेलं आणि त्याच्याबरोबर पॉलिशही. तिथं आजही रुपयाएवढा फिका ठिपका आहे. आईनं पाहिलं आणि म्हणाली, "पुसलंस का? बरं." पुढच्या दसऱ्यापासून ती कुंकू सतारीखालच्या पाटाला लावू लागली.

तोच स्पिरिटचा गुण २०२०च्या उन्हाळ्यात पुन्हा भेटला. घरोघरी सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या होत्या. आप्पा तेव्हा ऐंशीच्या घरात. दूधवाल्याकडून पातेलं घेतलं की हात चोळायचे, पैसे दिले की चोळायचे. एके दिवशी असेच ओले हात घेऊन ते सतारीजवळ बसले आणि दांडीची पाठ अंगठ्यानं धरली. वाजवता वाजवता पॉलिश मऊ झालं आणि वाळताना अंगठ्याचा ठसा तिथं राहून गेला. वळ्या, रेषा, मधली एक जुनी चीर, सगळं. त्यांनी पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "सही झाली," म्हणाले आणि हसले.

दोन वर्षांनी ते गेले. त्यानंतर मी सतार घेऊन मिरजेला गेलो होतो. जवारी काढायची होती, दोन खुंट्या बदलायच्या होत्या. ज्यांनी आधी घोडी घासली त्यांच्याच घरातला तरुण कारागीर बसला होता. त्यानं दांडी उलटी करून पाहिली. "इथं पॉलिश खराब झालंय. दोन हात मारून देतो, कळणारसुद्धा नाही."

मी म्हणालो, राहू दे.

त्यानं का म्हणून विचारलं नाही. कापूस आणि चपडा लाखेची बाटली बाजूला ठेवली आणि घोडी उजेडाकडे धरली. "अजून दोन निघतील," म्हणाला.

आता दर रविवारी मी पुसायला बसतो, तेव्हा दांडीच्या पाठीवर त्या जागी आलो की फडकं उचलतो आणि पलीकडे ठेवतो. माझा अंगठा तिथं आपोआप बसतो, पण माझा पंजा आप्पांपेक्षा लहान, त्यामुळे त्यांच्या ठशाच्या कडा बाहेर उरतात. धूळ त्या रेषांमध्ये बसते. ती मऊ ब्रशनं झटकतो, दाढीच्या जुन्या ब्रशनं, तोही त्यांचाच. बाकी सतार चकचकीत आहे. हे एवढं आहे तसं आहे.

पुसून झालं की मी सतार जुळवतो. बाजाची तार मध्यमाला, जोड षड्जाला, मग एकेक तरफ. तरफ लागली की नाही, हे पाहायचा आप्पांचा शाळामास्तरी प्रयोग अजून करतो. वहीच्या कागदाचा छोटा तुकडा दुमडून तरफेवर घोड्यावर बसवावा तसा बसवायचा आणि वरच्या तारेवर तोच सूर छेडायचा. सूर तंतोतंत जुळला असेल तर कुणी हात न लावता कागद थरथरतो आणि खाली पडतो. जुळला नसेल तर ढिम्म हलत नाही. आप्पा सतार शाळेत नेऊन वर्गाला हाच अनुनाद दाखवायचे. सावद्याच्या कित्येक माणसांना, जी पुढे केळीच्या व्यापारात गेली, आजही तो कागद आठवतो.

आपल्याकडे कितीतरी घरांत कपाटावर एक सतार असते. मुलीच्या मध्यमेच्या परीक्षेसाठी घेतलेली, नाहीतर कुणा काकांच्या माघारी आलेली. गवसणीत बांधलेली, वर्तमानपत्रांचा गठ्ठा अंगावर घेऊन. वाद्य वापरून झिजतं हे खरं, पण न वापरता ते त्याहून लवकर मरतं. तारा गंजतात, खुंट्या आवळतात, भोपळ्याला कीड लागते. तुमच्या घरात अशी सतार असेल, तर येत्या रविवारी ती खाली उतरवा. वाजवता येत नसलं तरी चालेल. जुनं, कोरडं, सुती फडकं घ्या आणि नाडी सोडा. पुसायला घेण्याआधी एकदा सगळीकडून नीट पाहा, कुणाचं काय तिच्यावर उरलंय ते. मग उरलेलं पुसा.